दोन रकान्यांची वही

आदरणीय नाना,

धुळ्यात आमचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. आबांनी, म्हणजे आजोबांनी, सुरू केला. आता पप्पा बघतात. पुण्याची नोकरी सोडून मीही तीन वर्षांपासून दुकानात बसते. पाटीवर ‘स्थापना १९७६’ आहे. येत्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पन्नास वर्षं होतात म्हणून पप्पांना पुस्तिका काढायची आहे आणि ती मी लिहायची आहे. माळ्यावरची पेटी उघडली तर आबांची वही निघाली. प्रत्येक गाडीपुढे किलोमीटरचे दोन रकाने, ‘चालली’ आणि ‘दिसते’. पप्पांनी पाहिली आणि म्हणाले, जाळून टाक. (वहीखाली सह्या करून ठेवलेल्या टीटीओच्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या, फॉर्मचा गठ्ठाही आहे, तो रद्दीत घालते आहे.) शिवाय २००४ साली काका वेगळे झाले. त्यांचं दुकानही पारोळा रोडलाच आहे, तेही पाटीवर १९७६च लिहितात, आणि पप्पांना पुस्तिकेत त्यांचं नाव नको. मी काय लिहू? वहीच्या तीन पानांचे आणि उद्घाटनाचा एक, असे फोटो पाठवते. उद्घाटनाच्या फोटोत नारळ धरलेले काका आहेत, आणि मागे पप्पांच्या अक्षरात ‘अखाजी १९७६’ लिहिलंय. आबा म्हणायचे, ‘गाडीनं तोंड देखू नको, बूड देख.’ मी बूड पाहिलं आणि आता झोप उडाली आहे.

आबांची नात, धुळे

ता. क. दुकानातल्या किल्ल्या आजी सांभाळायची. तिला वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. हे लिहिण्यासारखं आहे का?

* * *

आबांची नात,

तू मला नाना म्हटलंस म्हणून एकेरीत लिहितो. वही जाळू नकोस आणि फॉर्मचा गठ्ठा रद्दीत घालू नकोस. हे पत्र पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढं करून ठेव, बाकीचं रात्री जेवण झाल्यावर वाच.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा जळगावला वाहनकर्जाच्या टेबलावर. जुन्या गाडीवर कर्ज मागायला येणाऱ्याबरोबर बहुतेक वेळा दलालही यायचा. गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीवर आणि दलाल त्याच्या खांद्यामागे उभा. मॅनेजरने गाडीचं साल विचारलं की उत्तर मागून यायचं. अशी माणसं मी शेकड्याने पाहिली, त्यामुळे तुझे फोटो उघडताना माझ्याही मनात तेच आलं जे तुझ्या पप्पांच्या मनात आलं असेल. दोन रकाने म्हणजे एक खरा आणि एक गिऱ्हाईकाला दाखवायचा.

मग चष्मा लावून आकडे वाचले.

तीन पानांत मिळून चौदा ओळी आहेत. पहिलीच घे: पांढरी फियाट, १९७१चं मॉडेल, चालली १,३७,२००, दिसते ३७,२००. दुसरी, अँबेसेडर: चालली १,१२,०००, दिसते १२,०००. पुढे पुढे वजाबाकी करत गेलो. चौदापैकी नऊ ओळींत फरक बरोबर एक लाखाचा आहे, ना शंभर कमी ना शंभर जास्त. आता त्या काळची फियाट आठव. तू कुठून आठवणार म्हणा, पप्पांना विचार. फियाट-अँबेसेडरच्या मीटरला किलोमीटरची पाचच घरं असायची. ९९,९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला पाचही शून्यं येणार आणि गाडी पुन्हा नवी नवरी. ३७,२०० दिसतात ते पहिल्या फेरीचे की दुसऱ्या, हे मीटर सांगू शकत नाही. ते मालकाच्या ड्रायव्हरला माहीत असतं, नाहीतर टायर, सीटची स्प्रिंग आणि क्लचच्या पेडलचं रबर बघून कळतं. तुझे आबा ते शोधून काढायचे आणि ‘चालली’च्या रकान्यात लिहायचे. म्हणजे या नऊ गाड्यांपुरती ती वही लबाडीची नाही, उलट मीटर जे लपवत होतं ते टिपून ठेवणारी आहे. गिऱ्हाईकाला त्यांनी ते सांगितलं की नाही, हे वहीवरून कळत नाही. भाव ठरवताना त्यांना स्वतःला ते माहीत होतं, एवढं नक्की.

दोन ओळींत ‘दिसते’च्या खाली ‘बंद’ लिहिलंय. मीटरची केबल तुटलेली असणार, तेव्हा अर्ध्याअधिक गाड्यांची असायची.

उरल्या तीन, आणि इथे मी तुला गोड बोलणार नाही. ६८,४०० आणि ४६,४००. ९१,५०० आणि ६०,०००. ८३,००० आणि ४३,०००. यात मीटरने फेरी मारलेली नाही, मीटर पाडलेलं आहे, म्हणजे आकडा मुद्दाम मागे फिरवलाय. तिन्ही नोंदी १९९२-९३च्या आहेत, शेवटच्या पानावर, निळ्या बॉलपेनने. आधीच्या ओळींत जिथे ४ आहे तिथे त्याची गाठ बंद आहे, या ओळींत ती उघडी आहे. फोटोवरून अक्षराचा निकाल द्यायचा अधिकार मला नाही. पण तोवर आबांच्या शेजारी दुकानात आणखी कोण कोण बसायला लागलं होतं, हे तुला घरातच विचारता येईल. विचारताना वही हातात धरू नकोस. पप्पांना चहा दे, आणि ‘तुम्ही दुकानात बसायला लागलात ते कुठलं साल?’ एवढंच विचार. पुढचं तेच बोलतील, कदाचित त्या रात्री नाही, पण बोलतील.

मी या बाबतीत तटस्थ नाही, हेही सांगून टाकतो. १९९७ साली मी जुनी पद्मिनी गाडी घेतली. मी, वाहनकर्जाच्या टेबलावरचा माणूस! मीटरवर ४१,००० होते, रंग चकचकीत, सीटला नवी कव्हरं. दोन महिन्यांनी ब्रेकचं काम काढलं तेव्हा मेकॅनिकने पेडलवरचं नवंकोरं रबर बोटाने सोलून दाखवलं. खालचं लोखंड झिजून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. तो हसला आणि म्हणाला, “साहेब, एकेचाळीस हजारांत एवढा पाय घासत नाही.” पुढे योगायोगाने पहिल्या मालकाशी गाठ पडली, तर त्याने ७८,०००ला गाडी विकली होती. पैसे परत मिळाले नाहीत. सात वर्षं गाडी वापरली, चांगली चालली, पण त्या दुकानासमोरून जाताना आजही मान दुसरीकडे वळते. विकणाऱ्याच्या वहीत ती एक ओळ असेल. आमच्या घरी अजून लग्नाकार्यात तो विषय निघतो.

तेव्हा त्या तीन ओळींचं काय करायचं? तुझ्या पप्पांनी पुस्तिकेचा कच्चा मजकूर केला असेलच, आणि त्यात ‘प्रामाणिकपणा हीच आमची ओळख’ आणि ‘पन्नास वर्षांत एकही तक्रार नाही’ असं काहीतरी असणार. नसेल तर मी माझं नाव बदलतो. पन्नास वर्षं जुन्या गाड्या विकल्या आणि एकही तक्रार नाही, यावर धुळ्यात कोण विश्वास ठेवेल? त्या दोन ओळी आणि वहीतल्या तीन ओळी एकाच घरात सुखाने नांदू शकत नाहीत. माझ्या मनासारखं व्हायचं तर मी असं लिहीन: नव्वदच्या सुमारास मीटर पाडायचा रोग सगळ्या बाजारात पसरला होता, आमचं दुकानही त्यातून सुटलं नाही, आमच्याच वहीत त्याच्या तीन नोंदी आहेत. मग पुढच्या वाक्यात आज तुम्ही काय करता ते: गाडी घेताना सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड काढता का, गिऱ्हाईकाला तो देता का. देत नसाल तर पुस्तिका छापायच्या आधी ते सुरू करा. डिजिटल मीटर पाडायला आता स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही, लॅपटॉप पुरतो.

पण दुकान पप्पांचं आहे, नाव त्यांचं आहे आणि कबुली द्यायची तर ती त्यांनीच द्यायला हवी, तुझ्या हातून परस्पर नको. ते नाही म्हणाले तर त्या तीन ओळी सोड. मात्र ‘प्रामाणिकपणा हीच ओळख’ हेही सोड. यावर अडून बस. कोणत्याही परिस्थितीत गिऱ्हाईकांची नावं आणि गाड्यांचे नंबर छापू नकोस. ती माणसं किंवा त्यांची मुलं आजही अमळनेर-शिरपुरात राहत असतील.

आता सालाचं.

तुझ्या उद्घाटनाच्या फोटोमागे, तू लिहिलंस त्याप्रमाणे, पप्पांच्या अक्षरात ‘अखाजी १९७६’ आहे. समोर फियाट, बॉनेटवर हळद-कुंकवाची बोटं, आबा टोपी घालून, बाजूला नारळ धरलेला काका. फोटो सुरेख आहे, पण तो १९७६चा नाही. गाडीची नंबरप्लेट बघ: ‘एमएच १८’. ही एमएचची पद्धत मोटार वाहन कायदा, १९८८ लागू झाला त्यानंतरची, आणि तो कायदा लागू झाला १ जुलै १९८९ला. त्याआधी आपल्याकडे तीन अक्षरी नंबर असायचे. म्हणजे अखाजी असेल तर ती लवकरात लवकर १९९०ची. उजव्या कडेला पांढऱ्या गाडीचा कोपरा दिसतो, तो मारुती ८००चा आहे. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ला दिल्लीत एका गिऱ्हाईकाच्या हाती पडली. १९७६च्या फोटोत ती यायची कुठून?

घाबरू नकोस, पाटी खोटी ठरत नाही. फोटो दुकानाच्या उद्घाटनाचा आहे आणि धंदा त्याच्या किती तरी आधीचा आहे. दलालीचं कुणी उद्घाटन करत नाही. तुझ्या पहिल्या पानाच्या डोक्यावर आबांनी ‘श्री’ काढून ‘दसरा १९७६’ लिहिलंय, आणि खाली ती पांढरी फियाट आहे. हा तुझा पुरावा. त्यामुळे पन्नास वर्षं अखाजीला भरत नाहीत, दसऱ्याला भरतात. पप्पांना सांग की वहीमुळे तुम्हाला सहा महिने जास्त मिळाले. वही जाळायचा विषय तिथेच निम्मा थंड होईल.

१९७६ साली दुकान का नव्हतं, हा पुस्तिकेतला सगळ्यात रसाळ भाग होऊ शकतो, म्हणून थोडं सांगतो. तेव्हा नवी गाडी म्हणजे फियाट नाहीतर अँबेसेडर, आणि फियाटसाठी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागून गाडी ताब्यात आली की त्याच दिवशी ती वरच्या भावाने विकणारे लोक होते. जुनी गाडी शोरूमच्या भावापेक्षा महाग, हे आज कुणाला पटत नाही. असा तुटवडा असेल तिथे दलाल लागणारच. आणि धुळ्याला दलाल बसायला जागा चांगली: मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. सुरतेहून, इंदूरहून, नाशिकहून येणारी गाडी चहाला थांबते ती इथे. दलाल हॉटेलच्या बाकावर बसायचा. डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, तेलाच्या गिरणीचे मालक हे गिऱ्हाईक. त्याचं भांडवल म्हणजे कोण विकणार आणि कोण घेणार याची माहिती, आणि कमिशन दोन्हीकडून. गाडी त्याच्या नावावर एक दिवसही नसायची. म्हणून तुला पेटीत त्या काळची बिलं सापडणार नाहीत, आणि नाहीत म्हणून हिरमुसू नकोस. त्याच्या कमाईला कागद नव्हताच.

बाकावरून दुकानात यायचं तर स्वतःचा माल लागतो. गाडी स्वतः विकत घ्यायची, पैसा अडकवायचा, डेंटिंग-पेंटिंग करायचं, गिऱ्हाईक येईपर्यंत रोज सकाळी फडकं मारायचं. मारुती आली, तिच्या मागोमाग पगारदार माणूस गाडीचा विचार करू लागला, तेव्हा हे शक्य झालं. आबांनी तो पैसा कुठून उभा केला? शेत विकलं, सोसायटीचं कर्ज काढलं, की कुणा केळीवाल्याने भागीत घातला? तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. काकांना माहीत असेल.

पुढचं तू पप्पांकडून काढून घे, मी फक्त बोट दाखवतो. १९९४ला सुमो आली, आणि ट्रॅक्स-सुमो काळ्या-पिवळ्या होऊन गावोगाव धावू लागल्या, तेव्हा तुमच्या ओट्यावर काय उभं असायचं? आपली अर्धी माणसं पोटासाठी सुरतेला, त्यांच्याबरोबर जीजे ०५च्या गाड्या इकडे आल्या. गुजरातचा कर कमी, म्हणून बारा महिन्यांत इथली नोंदणी करायचा नियम असूनही त्या वर्षानुवर्षं तशाच फिरल्या. तुम्ही अशा किती विकल्या? २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरची बंदी कायम केली, मग दिल्लीच्या गाड्यांचा पूर आला. त्यात तुम्ही हात धुऊन घेतले की पोळून? पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही, तेव्हा तुमचे आबा खरेदीला निघायचे की दुकान बंद ठेवून शेतावर जायचे? ‘कापूस विकला की देतो’ म्हणणाऱ्याची उधारी कशी वसूल व्हायची? २००१पासून खुद्द मारुतीच जुन्या गाड्या विकायला बसली, तेव्हा पप्पा पहिल्यांदा काय म्हणाले? तुझ्या डेंटरला विचार, आरटीओत तुमचं काम करणाऱ्या एजंटला विचार. ही माणसं पप्पांपेक्षा जास्त सांगतील, कारण त्यांना पुस्तिकेत चांगलं दिसायचं नाही.

आता तो गठ्ठा, जो तू कंसात टाकून मोकळी झालीस.

सह्या केलेला फॉर्म २९ आणि ३० पेटीत पडून आहे, याचा अर्थ गाडी गेली पण नाव गेलं नाही. दुकानदाराला ते सोयीचं असतं. गाडी आपल्या नावावर करून घेतली की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, एक मालक वाढतो, खर्च होतो आणि ‘सिंगल हँड’ म्हणता येत नाही. म्हणून विकणाऱ्याच्या कोऱ्या सह्या घ्यायच्या, नवं गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरायचं. आणि ते गिऱ्हाईकही ‘करतो साहेब’ म्हणून निघून जातं. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी विकून झाली होती, पुढे हातोहात फिरली होती, मग अपघात झाला. न्यायालय म्हणालं, आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक, भरपाई त्याच्याकडून. म्हणजे तुझ्या गठ्ठ्यातला एखादा निवृत्त मास्तर आज अंगणात पेपर वाचत बसलाय, आणि त्याच्या नावाची गाडी कुठे तरी खडीच्या रस्त्यावर बिनइन्शुरन्सची धावते आहे. त्याला वाटतंय ती कधीच विकली.

बँकेत असताना असा एक माणूस माझ्यासमोर बसून रडलेला मी पाहिलाय, म्हणून जरा जोरात बोलतो. दोन दिवस काढ. गठ्ठ्यातले फॉर्म सालाप्रमाणे लाव. खूप जुन्या गाड्या बहुतेक भंगारात गेल्या असतील, त्यांच्यासाठी झोप उडवू नकोस. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला प्रत्येक नंबर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर टाकून बघ, नोंदणी चालू आहे का, इन्शुरन्स आहे का, मालक कितवा. ज्यांची नावं अजून जुनीच आहेत त्यांची यादी कर आणि पप्पांना एकेकाला फोन करायला लाव. घेणारा सापडला तर नाव करून घ्या, नाही सापडला तर विकणाऱ्याला आरटीओत लेखी कळवायला मदत करा. फॉर्मच्या झेरॉक्स ठेव. हे काम पुस्तिकेच्या आधीचं आहे. दसऱ्यापर्यंतचे सहा महिने मी त्यासाठीच मिळवून दिले असं समज.

आणि यातूनच तुला इतिहासाचा धागा मिळेल. दुकानात उभी असलेली गाडी कोणाची? आबांच्या बाकावरच्या काळात उत्तर होतं, विकणाऱ्याची. पप्पांच्या काळात उत्तर होतं, कागदावर विकणाऱ्याची आणि प्रत्यक्षात आपली. १ एप्रिल २०२३पासून उत्तर बदललं. नव्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं पाच वर्षांचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी दिली की फॉर्म २९-सीने तशी सूचना जाते, आणि त्या क्षणापासून डीलर ‘मानीव मालक’ होतो. गाडी ट्रायलला बाहेर काढली तर त्याची नोंद ठेवायची, गाडीने काही केलं तर जबाबदारी त्याची. पन्नास वर्षं जो माणूस मालकाच्या खांद्यामागे उभा होता, त्याला कायद्याने पुढे आणून खुर्चीवर बसवलं. तुम्ही ते अधिकारपत्र घेतलं असेल तर त्याचा फोटो पुस्तिकेत आबांच्या वहीच्या पानासमोर छाप. घेतलं नसेल तर आधी घ्या.

पप्पांना एक निरोप दे. ‘रोखीचा व्यवहार, शब्दाला किंमत’ असलं वाक्य जुन्या कॅलेंडरवर शोभत होतं. २०१७च्या एप्रिलपासून एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पुस्तिकेत स्वतःविरुद्ध पुरावा छापायचा नसतो. आणि जानेवारी २०२५पासून सगळ्याच जुन्या गाड्यांच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा वाचणारे फक्त गिऱ्हाईकच असतील असं समजू नका.

काकांबद्दल तुझ्या पप्पांचं ऐकू नकोस, पण भांडूही नकोस. १९७६ ही आबांची तारीख आहे, दोन्ही पाट्यांना तिच्यावर सारखाच हक्क आहे. पुस्तिकेत वेगळं झाल्याची कारणं लिहू नकोस, ती दोन्ही घरांत वेगवेगळी सांगितली जात असणार आणि दोन्ही थोडी थोडी खरी असणार. फक्त काय कोणाकडे गेलं ते लिही. ओटा कोणाला, कोपऱ्यावरची जागा कोणाला, आणि मुख्य म्हणजे टेलिफोन कोणाला. २००४ साली गिऱ्हाईकांच्या डायरीत, कॅलेंडरवर, पाकिटांवर तुमचा एकच नंबर होता. तो ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे अर्धं गिऱ्हाईक गेलं. तुमच्या वाटणीची खरी भानगड मला तिथेच दिसते, पण हा माझा अंदाज. एवढं करून पप्पा ऐकत नसतील तर विचार, फोटोतून नारळ कसा कापणार?

काकांकडे मात्र तू एकटी जा, जाताना वहीच्या झेरॉक्स ने. १९९२-९३ची तीन ओळींची गोष्ट तिथेही निघेल. दोघं भाऊ एकमेकांकडे बोट दाखवतील. दाखवू दे. बावीस वर्षांत ते एखाद्या विषयावर तरी बोलले, असं होईल.

मूळ वही मात्र घरात ठेवू नकोस असं म्हणणार होतो, मग आठवलं की तू धुळ्याची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे तुमच्याच गावात १९२६ साली वारले. आयुष्यभर माणसांच्या माळ्यांवरची, पेट्यांतली दप्तरं उपसून त्यांनी इतिहास लिहिला, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ अजून तिथे आहे. जुन्या गाड्यांच्या दलालाची वही कुणाला लागेल की नाही माहीत नाही, पण फियाटच्या जमान्यात धुळ्यात कोणती गाडी किती किलोमीटर चालून कितव्या हातात गेली, याचा दुसरा कागद मी तरी पाहिलेला नाही. निदान प्रत्येक पानाचा नीट फोटो काढून दोन ठिकाणी ठेव.

आणि तुझी ता. क. लिहिण्यासारखं आहे का म्हणून विचारतेस? अगं, पप्पांच्या चार पानांवर ते एक वाक्य भारी आहे. पण अर्धंच लिहिलंस. लाल चिंधी कोणत्या गाडीला? गाडी विकली की चिंधी सोडून ठेवायची की किल्लीबरोबर द्यायची? एकाच रंगाच्या दोन फियाट आल्या तर काय करायची? आजी हयात असेल तर आजच विचार, आणि ती जे सांगेल ते अहिराणीतच लिही, शुद्ध करत बसू नकोस.

शेवटचं. उद्घाटनाच्या फोटोत ‘एमएच १८’च्या पुढची अक्षरं आणि आकडे नारळाच्या शेंडीमागे गेलेत. मूळ फोटो भिंगाखाली धरून बघ. दुसऱ्या बाजूने काढलेला एखादा काकांच्या घरी असेल तर तोही माग. पुढची अक्षरं वाचता आली तर मला कळव, तुझ्या आबांच्या दुकानाचं साल आणखी जवळ आणता येईल.

तुझा,
नाना